मधोमध कापलेला स्वेटर

१४ डिसेंबर

ती. वहिनीस,

नमस्कार. मी बरी आहे, तुम्ही दोघं बरे असाल असं धरून चालते. इथे थंडी पडली आहे, माझा गुडघा दुखतो आहे आणि खालच्या मजल्यावरचा नळ अजून गळतोच आहे. ख्यालीखुशाली एवढीच.

काल तुझ्या लेकीने मला एक फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, "आत्या, बाबा रोज तुझाच स्वेटर घालतात." मी चष्मा लावून पाहिला. मग खिडकीशी जाऊन उजेडात पाहिला. मग मोठा करून पाहिला. वहिनी, माझा स्वेटर गळ्यापासून खालपर्यंत मधोमध कापलेला आहे. आणि त्यात चेन शिवलेली आहे. तपकिरी.

फोनवर बोलले असते तर आवाज चढला असता आणि तुझे शेजारी गोळा झाले असते, म्हणून लिहिते आहे. लिहितानाही पेन दाबून धरते आहे, कागद फाटला तर तेही तुझ्याच खात्यावर.

तुला विणता येत नाही, ठीक आहे, सगळ्यांना यायलाच पाहिजे असं नाही. पण तू काय कापलंस ते तुला कळावं म्हणून सांगते. आयुष्यभर मी पाणीखात्यात नळांचे नकाशे काढले. रिटायर झाल्यावर ग्रंथालयाच्या वरच्या हॉलमध्ये दर बुधवारी विणकामाचा वर्ग भरतो तिथे जायला लागले. सुलट-उलट मला आईने शिकवलं होतंच. पण आमच्या बाई म्हणाल्या, पुस्तकातलं बघून विणणं म्हणजे दुसऱ्याचा नकाशा गिरवणं. तुम्ही नकाशे काढणाऱ्या ना, मग स्वतःचा काढा. त्या पूर्वी गणित शिकवायच्या. त्या एका वाक्यावर मी दोन वर्षं काढली.

पहिलं वर्ष नुसते तुकडे विणले. चार इंचाचा चौकोन विणायचा, धुवायचा, वाळवायचा, मग इंचाला किती टाके बसतात ते मोजायचं. माझे साडेपाच बसतात. दादाची छाती बेचाळीस, दोन इंच मोकळीक, चव्वेचाळीस. म्हणजे दोनशे बेचाळीस टाके. पण पिळाची वीण कापड आत ओढते, म्हणून अठरा जादा. एकूण दोनशे साठ. हे कुठल्याही पुस्तकात नाही. हे मी आलेखाच्या कागदावर बसून काढलं आहे, प्रत्येक चौकोनात एक टाका.

आणि तो पीळ. छातीच्या मधोमध दोन पेड वर चढत जातात, लांब होतात, परत एकमेकांवरून ओलांडतात. पोटाशी दर चौदा ओळींनी ओलांडतात, मग बारा, मग दहा, आणि गळ्याशी येईपर्यंत इतके जवळ की दोन आहेत हे कळूच नये. ते ओळींचं गणित बसायला चोवीस तुकडे उसवले मी. पंचविसावा बसला. बाईंनी तो वर्गात सगळ्यांना फिरवून दाखवला. सगळा स्वेटर गोल सुईवर, कुठेही शिवण नाही. मुद्दाम. काही टोचू नये, काही उसवू नये म्हणून.

अकरा महिने लागले त्याला. मी यायचीच होते तुमच्याकडे, तुला माहीत आहे. पण म्हटलं हातातलं काम पुरं करूनच जावं, रिकाम्या हाताने काय जायचं. मग गुडघा. मग वर्गातलं प्रदर्शन. म्हणून पोस्टाने पाठवला, आणि तू कात्री घातलीस. तीही पिळाच्या बरोबर मध्ये. जरा बाजूला कापला असतास तर निदान एक पेड तरी जिवंत राहिला असता.

घट्ट होत होता का? होणं शक्य नाही, दादाचं माप मला तोंडपाठ आहे. की गळ्यातून जात नव्हता? मग गळा मोठा करून दिला असता मी, कळवायचं होतं. एक ओळ लिहायला काय झालं होतं तुला? की घरात माझी एक वस्तू धड असू नये असं काही आहे? लग्न होऊन तू आलीस तेव्हापासून तुला माझं काही सरळ वाटलेलं नाही, हे मी आजवर तोंडावर बोलले नाही. आज लिहून टाकते.

उत्तर लिही अथवा लिहू नकोस. पण तो स्वेटर मला परत पाठव. तशा अवस्थेत तो कुणाच्या अंगावर असलेला मला चालणार नाही.

नणंद


२२ डिसेंबर

वन्सं,

एरवी मी तुम्हाला भिंगरी म्हणते आणि अगंतुगं करते. आज वन्सं आणि तुम्ही. तुमच्या पत्राखाली "नणंद" अशी सही होती, म्हणून.

स्वेटर परत मिळणार नाही. हे आधीच सांगते म्हणजे हे उरलेलं पत्र वाचताना तुम्हाला वाट बघावी लागणार नाही.

पार्सल आलं तेव्हा ह्यांनी ते स्वतः सोडायचं ठरवलं. उजवा हात तर कामाचाच नाही. डाव्या हाताने आणि दातांनी दोरी सोडली, मला हात लावू दिला नाही. अर्धा तास लागला. स्वेटर बाहेर आला तर तो मांडीवर घेऊन त्या पिळावरून बोट फिरवत बसले, खालून वर, खालून वर. तुमच्या कामाचं मोल मला कळत नाही असं समजू नका. मी तिथेच उभी होते.

मग घालायला घेतला. उजवा हात वर होत नाही, वन्सं. खांद्याच्या वर तर सोडाच, छातीपर्यंतसुद्धा मी धरून आणावा लागतो. तुम्ही शिवण नसलेला, बंद गळ्याचा, डोक्यातून घालायचा स्वेटर पाठवलात. आधी डोकं घातलं, तर हात आत अडकला. हात आधी घातला, तर डोकं जाईना. तोंड लोकरीत, श्वास कोंडला, आणि ह्यांना "थांब" म्हणता येत नाही. मला वाटत होतं आता झालंच, अजून जरा ओढू. ते आतून हुंदके देत होते हे मला उशिरा कळलं. तो माझा दोष, तो मी कबूल करते. तुमची मोकळीक दोन इंचाची होती म्हणता. आणि छाती आता बेचाळीस नाही, अडतीस आहे. तुम्हाला तोंडपाठ असलेला माणूस आता ह्या घरात राहत नाही.

दुसऱ्या दिवशी मी स्वेटर कपाटात ठेवला, तर त्यांनी कपाटाकडे बोट केलं. काढून दिला. मांडीवर घेतला. आणि डाव्या हाताची दोन बोटं अशी उघडझाप केली. कात्री. मी नाही म्हटलं. भिंगरीने केलंय, मी असलं काही करणार नाही म्हटलं. आठ दिवस रोज बोटांची ती कात्री, आणि आठ दिवस माझी नाही. नवव्या दिवशी ते माझ्यावर इतके चिडले की पाण्याचा पेला फेकला. बोलता येत नाही म्हणजे राग येत नाही असं नसतं.

खालच्या शिंपीकाकांकडे नेला. त्यांनी मधल्या रेघेच्या दोन्ही बाजूंना मशीनने दोन-दोन टिपा मारून दिल्या, म्हणजे टाके सुटणार नाहीत. पण कापायला तयार होईनात. म्हणाले, "बाई, हे कुणीतरी जीव ओतून केलंय. टिपा मारतो, कात्री तुम्ही चालवा." घरी आणून मीच चालवली. ह्यांनी खालचं टोक डाव्या हातात ताठ धरलं होतं. मी आयुष्यात इतकं हळू काही कापलेलं नाही. चेन तपकिरी कारण शिंपीकाकांकडे तेवढ्या लांबीची तेवढीच होती, आणि मला त्या दिवशी दुसरं दुकान शोधायची ताकद नव्हती.

आता आधी उजवा हात घालायचा, पाठीवरून फिरवायचा, मग डावा ते स्वतः घालतात. चेन खाली मी अडकवून देते, वर ओढतात ते. अर्धांगाच्या झटक्यानंतरच्या चौदा महिन्यांत एवढी एकच गोष्ट आहे जी ते कपडे घालताना स्वतः करतात. तो स्वेटर धुवायचा असला तर मला दुपारी ते झोपल्यावर धुवावा लागतो.

तुम्हाला फोटोत कापलेला पीळ दिसला. तुमचा भाऊ कसा बसला आहे ते दिसलं नाही का?

आणखी एक. त्या बोलायचा सराव करवून घेणाऱ्या बाई येतात ना, त्यांनी मागच्या उन्हाळ्यात विचारलं की पहिलं नाव कुणाचं शिकायचं. मला वाटलं लेकीचं म्हणतील. त्यांनी जुन्या फोटोतल्या तुमच्यावर बोट ठेवलं. तीन आठवडे तेवढा एकच शब्द घोकला. मग एका सकाळी मला नंबर लावून द्यायला लावला आणि खोलीबाहेर जा अशी खूण केली. मी परत आले तर फोन मांडीवर होता. तुम्ही संध्याकाळी लेकीला कळवलंत की लाइन खराब होती, काही ऐकू आलं नाही. असेलही. पण त्या दिवसापासून त्यांनी कुणालाच फोन लावलेला नाही.

मला तुमचं काही सरळ वाटत नाही म्हणता. तीस वर्षांत मी काय काय सरळ करून घेतलं ते लिहायला बसले तर कागद पुरायचा नाही, आणि त्यांच्या औषधाची वेळ झाली आहे.

वहिनी


५ जानेवारी

प्रिय वहिनी,

घरी पोचले. बसमध्ये जागा मिळाली, गुडघा सुजला आहे, औषध लावलं आहे. तू दिलेला डबा बसमध्येच संपवला.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी ते फाडणार होते. अर्धं वाचून ठेवून दिलं आणि दादाचा तो फोटो घेऊन तरातरा बाईंकडे गेले. वर्ग नव्हता, तरी त्यांच्या घरी. मला सहानुभूती हवी होती. म्हटलं, बघा माझ्या वहिनीने काय केलंय. त्यांनी चष्मा बदलला, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "कापलंय कुणी? सरळ कापलंय. हात चांगला आहे." मला इतका राग आला की मी चहा तसाच टाकून उठले. तेव्हा दारात त्यांनी विचारलं की ज्याच्यासाठी विणलं तो माणूस एवढा बारीक आहे तर तुम्ही चव्वेचाळीसवर का विणलंत, माप कधी घेतलं होतं. मी म्हटलं, घेतलं नव्हतं. त्यांनी खुंटीवरची मापाची टेप काढून माझ्या हातात ठेवली. गणिताच्या बाई असून हिशेब माझ्यावरच सोडला, ते मला जास्त लागलं.

घरी येऊन तुझं उरलेलं पत्र वाचलं. मग न कळवता शनिवारी आले ते तू पाहिलंसच.

मी दारातच तपकिरी चेनीवरून भांडायला सुरुवात केली, ते तुला वेड्यासारखं वाटलं असेल. पण मला दुसरं काय बोलावं सुचत नव्हतं. समोर दादा खुर्चीत, अर्धा चेहरा हसतोय आणि अर्धा तसाच, आणि मी चेनीवर बोलत सुटलेली. तू मध्ये म्हणालीस, "बस आधी, पाणी घे, मग भांड." तेवढ्यावर मी बसले. तुझ्याबद्दल मी पत्रात जे लिहिलं ते चुकीचं होतं. तुला ते वाचून काय वाटलं हे मी विचारत नाही, मला कळलं आहे.

नव्या स्वेटरचं माप घेताना तू स्वयंपाकघरात होतीस, म्हणून सांगते. छाती अडतीसही नाही, साडेसदतीस आहे. उजवा खांदा डाव्यापेक्षा दीड इंच खाली उतरला आहे. उजवा हात कोपरात वाकलेलाच राहतो, म्हणजे त्या बाहीला कोपरापाशी बाहेरून जास्त कापड लागणार आणि आतून कमी. त्याला आम्ही अर्ध्या ओळी म्हणतो, ओळ टोकापर्यंत न नेता मध्येच उलटायची, म्हणजे कापडाला तिथे फुगवटा येतो. मी टाचेसाठी करते, पायमोज्यांत. कोपरासाठी कधी केलं नव्हतं. मी ते आकडे लिहीत होते आणि माझे डोळे भरून येत होते, तर दादाने डाव्या हाताने माझी पेन्सिल ओढून घेतली. मला वाटलं, रागावला. त्याने माझ्या आलेखाच्या कागदावर एक रेघ मारली. मधून नाही. गळ्यापासून उजव्या खांद्यावरून, बाहीच्या कडेने, खाली थेट मनगटापर्यंत. वाकडीतिकडी, पण कुठे सुरू आणि कुठे संपली यात शंका नव्हती. मग माझ्याकडे बघितलं.

मला समजायला जरा वेळ लागला. उघडायचं ते छातीवर नाही, आजारी हातावर. ती बाजू पूर्ण उलगडून ठेवायची, हात तिच्यावर नुसता ठेवायचा, आणि वरून मोठी बटणं लावायची, ती त्याची तो लावेल. म्हणजे हात ओढून कशातच घालावा लागणार नाही. वहिनी, मी दोन वर्षं नमुने बनवायला शिकते आहे, हे मला सुचलं नव्हतं. त्याला सुचलं, कारण ओढला जातो तो त्याचा हात. माझ्या नकाशात मी आयुष्यात कुणाला रेघ मारू दिली नाही, ऑफिसात साहेबालाही नाही. ती रेघ मी तशीच ठेवली आहे. गळा मात्र त्याला बोटाने दाखवला तेवढा खोल हवा, ते मला पटलेलं नाही, तसं मी त्याला तिथेच सांगितलं आणि त्याने तोंड फिरवलं ते तू आत येता येता पाहिलंस. त्यावर आमचं भांडण व्हायचं आहे.

छातीवर पीळ आहे, पण ह्या वेळी कुणी कापायचा नाही. आणि बाही आधी उजवी विणून पाठवणार, ती त्याच्या हातावर ठेवून बघा, चुकली असेल तर कळवा. उसवीन.

आता जे तिथे दोन दिवस असून बोलले नाही ते.

मला तुझा राग आला होता तो खरा होता. पण फोटोबद्दल तू विचारलंस ना, भाऊ कसा बसलाय ते दिसलं नाही का. नाही दिसलं, कारण मी त्याच्या चेहऱ्यावर अंगठा ठेवून तो फोटो पाहिला. मोठा केला तो फक्त स्वेटर. अकरा महिने विणत बसले त्यातलं निम्मं उसवणं होतं, आणि त्यातलं निम्मं उसवायची गरज नव्हती. संपला की मला यावं लागलं असतं. तोंडपाठ मापावर विणलं कारण नवं घ्यायला समोर बसावं लागलं असतं.

आणि फोन. तो सकाळचा फोन मी उचलला तेव्हा आधी कुणी काही बोललं नाही. मग "भिं" असं आलं. मग श्वास. मग परत "भिं". मागे तुमच्या घड्याळाचे ठोके पडत होते, तेही मला ऐकू येत होते. मला पहिल्याच "भिं"ला कळलं की कोण आहे. तो पुढचं अक्षर शोधत होता आणि ते त्याला सापडत नव्हतं. मी म्हटलं, "हॅलो, कोण बोलतंय, ऐकू येत नाहीये." दोनदा म्हटलं, मोठ्याने. आणि ठेवून दिला. ज्या माणसाने मला सायकल शिकवली, ज्याने माझ्या पहिल्या पगाराच्या दिवशी ऑफिसच्या गेटपाशी येऊन सगळ्यांसमोर "भिंगरे" म्हणून हाक मारली, त्याला. संध्याकाळी तुझ्या लेकीला खोटा निरोप दिला. लाइन उत्तम होती.

तू मला हे आधी का सांगितलं नाहीस, तीन आठवडे तो माझंच नाव घोकत होता हे, असा राग मला आत्ता लिहितानाही तुझ्यावर येतो आहे. येऊ दे. सांगितलं असतंस तर मी काय केलं असतं हेही मला माहीत नाही.

ह्या पत्राचा हा भाग त्याला वाचून दाखव. काही गाळू नकोस, माझी बाजू सावरू नकोस. तो रागावला, काही फेकलं, तर फेकू दे. मला न भेटायचं ठरवलं तर तेही कळव, बाही मी पाठवीनच.

रविवारी सकाळी दहा वाजता मी फोन करणार आहे. उचलून त्याच्या हातात दे आणि तू बाहेर जा. त्याला बोलायचं नसेल तर राहू दे. बोलायचं असेल तर जितका वेळ लागेल तितका लागू दे, एका शब्दाला सगळी सकाळ गेली तरी चालेल. मी मध्ये काही बोलणार नाही. आणि मी फोन ठेवणार नाही.

तुमची दोघांची,
भिंगरी